दिवसाचा दोष

नागपंचमीला आमच्या घरात आजही विळी भिंतीला टेकवून उभी ठेवतात. सून भाजी हाताने मोडते, जी मोडत नाही ती दुसऱ्या दिवसावर ढकलते, आणि नातवाने कात्रीला हात लावला की त्याच्यावर खेकसते. मी ओसरीवर बसून बघत असते. सुनेला वाटतं सासूबाईंचा या दिवसावर मोठा विश्वास, म्हणून गप्प बसून राहतात. तसं काही नाही. विश्वास माझा कधीच गेला. मी गप्प बसते, कारण त्या दिवशी बोलायला लागले तर खरं बोलेन, आणि ज्यांच्यासाठी मी ते खरं इतकी वर्षं दाबून ठेवलं ती माणसं आता जळून राख झाली असली तरी त्यांच्यासमोर बोलल्यासारखं मला होईल.

माझं माहेर अकोल्याच्या बाहेर, मोर्णेच्या काठाला. आम्ही बारी, विड्याच्या पानांचे मळे करणारे. चहूकडे काळी जमीन आणि तिच्यात कापूस, आणि मधोमध आमचा तेवढा हिरवा, ओला तुकडा. त्या वर्षांत कापसाला असा काही भाव आला होता की लोकांनी जवस, तूर सगळं सोडून बांधापर्यंत सरकी टोचली. परक्या मुलखातल्या लढाईमुळे विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस लागतो, असं म्हणत. कुठली लढाई, ते आमच्यात कोणाला ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच कळे की रस्त्यावर गाड्यांची रांग तुटत नाही आणि हवेत तंतू उडतात ते वरणात येऊन पडतात. माय वाटीतून तंतू काढत म्हणायची, "खा आता, कापसाचं वरन हाये." बाप मात्र मळा मोडायला तयार नव्हता. नागवेल ही आमच्या कुळाची देवता. मळ्यात शिरताना पायातलं काढायचं, आत थुंकायचं नाही, आणि मुलगी शहाणी झाली की तिने मळ्याची वेस ओलांडून आत यायचं नाही. मी मात्र न्हाण येईपर्यंत मळ्यातच वाढले. वेलांच्या मधल्या गारव्यात उभं राहून पानं खुडायची, हे माझं काम, आणि ते मी भावापेक्षा चांगलं करायची.

पान खुडायला आमच्याकडे नखी असे. लोखंडाचं कडं अंगठ्यावर चढवायचं, त्याला पुढे गव्हाच्या दाण्याएवढं पातं. देठ बोटावर धरायचा आणि अंगठा दाबायचा, की टिच् असा आवाज होऊन पान हातात येई. सकाळी सगळा मळा त्या टिचटिचीने भरलेला असायचा. माझी नखी लहान होती, बाने लोहाराकडून मुद्दाम करवून घेतलेली. माझं मळ्यात जाणं बंद झालं तेव्हा मायने ती भिंतीतल्या देवळीत खुंटीला अडकवली, आणि पुढे माझं लग्न होऊन मी बडनेऱ्याला गेले तरी ती तिथेच राहिली.

माझा थोरला भाऊ नामदेव. त्याला मळ्याचा ओलावा आवडत नसे. आगगाडीचा रस्ता आमच्या बाजूला सरकायला लागला आणि त्याच्याबरोबर तारेचे खांब आले, तेव्हा हा रोज खांबांच्या मागे मागे हिंडायचा. शेवटी तारखात्याच्या रहीम मिस्त्रीने त्याला आपल्या टोळीत घेतलं. बा आधी रागावला, आणि तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या बाजारात जाऊन एका पठाणाकडून त्याच्यासाठी चाकू घेऊन आला. सांबरशिंगाची मूठ, वीतभर पातं, टोकाला किंचित वळलेलं. आमच्या घरात इतकी देखणी वस्तू त्याआधी आली नव्हती. नामदेव तो कमरेला लावून अंगणात फिरला तेव्हा बा हसला होता. बाचं हसणं क्वचितच दिसे, म्हणून ते माझ्या लक्षात आहे.

मोर्णेच्या पुराने काठचे खांब एकदा वाहून नेले होते. म्हणून तिथे तार वरून न नेता नदीच्या तळातून नेली होती, आणि ती तार म्हणजे मनगटाएवढा जाड काळा दोर होता. वरून लोखंडाच्या तारांचा पीळ, त्याच्या आत डांबरात बुडवलेला ताग, त्याच्या आत गटापर्चा म्हणून कुठल्याशा झाडाच्या चिकाची टणक काळी साल, आणि सगळ्यात आत तांब्याची तार, जिच्यातून बातमी धावायची. नदीच्या उथळ उतारातून कापसाच्या गाड्या जायच्या, त्यांची चाकं लागून किंवा दगड आदळून हा दोर तुटायचा. मग तो ओढून काठावर आणायचा, दोन्ही टोकं सोलायची आणि सांधायची. लोखंडी पीळ पकडीने उलगडे, ताग हाताने निघे. खरी गोम त्या सालीत होती. ती काढताना आतल्या तांब्यावर चरा उमटला तर सांधा टिकत नसे. गार पाण्यातून काढलेली साल दगडासारखी असे, तिला जोर लावावा लागे. गरम पाण्याने मऊ केली की मधेच एकदम लोण्यासारखी सुटे. टोळीतला प्रत्येक जण आपापल्या चाकूने हे काम करायचा. नामदेव दोर मांडीवर धरायचा, डाव्या हाताने आवळायचा आणि चाकू स्वतःकडे ओढायचा. आमच्याकडचा प्रत्येक हात तसाच चालतो. विळा स्वतःकडे, खुरपं स्वतःकडे, पाणी उपसायचा दोर स्वतःकडे. लांब ढकलून कापणं आमच्या अंगात नाही.

त्या श्रावणात पंचमीसाठी मी माहेरी आले होते. आदल्या दिवशी भावाचा उपास केला. भावाला सापाचं भय राहू नये म्हणून बहिणींनी करायचा हा उपास, मी कळत्या वयापासून कधी चुकवला नव्हता. पंचमीच्या सकाळी मायने दिंडं उकडायला ठेवली होती. त्या दिवशी आमच्यात तवा चढत नाही, काही कापत नाहीत, खणत नाहीत. बारी लोकांचं नागाशी नातं सांगतात, त्यामुळे आमच्याकडे हे सगळं इतरांपेक्षा कडक. मी आणि शेजारच्या बाया वारुळाकडे जायला निघतो आहोत, तोच मिस्त्रीचा माणूस आला. नदीला पाणी येऊन दोर तुटला होता. अकोल्यातले कापसाचे व्यापारी मुंबईचा भाव कळेना म्हणून तारघरापुढे ओरडत होते.

नामदेव चाकू कमरेला लावायला लागला तशी माय चुलीपुढून उठून दारात आली. "आज पंचमी हाये बाबू. आज नोको जाऊ."

"माय, तार काय पंचमी पायते का?"

"तो दोर पायला का तू? काया नाग दिसते तो. पंचमीच्या दिवशी नागाले कापतं का तू?"

नामदेव हसला. "मी कापत नाई, सांधून राहिलो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गिरजे, माई दिंडं झाकून ठेवजो." आणि गेला.

तो दुपारी परत आला तेव्हा डाव्या अंगठ्याच्या मुळाशी चिंधी बांधलेली होती. साल एकदम सुटली आणि चाकूचं टोक तळहातात घुसलं, असं त्यानेच सांगितलं. जखम लहान होती. चिंधी तशीच ठेवून त्याने दिंडं खाल्ली. नदीच्या चिखलाने माखलेली चिंधी मायने सोडली, हळद भरली, आणि जखमेपेक्षा जास्त वेळ ती देवापुढे हात जोडून बसली. मला आठवतं, मलाही तेव्हा जखमेची काळजी वाटली नव्हती. दिवसाची वाटली होती.

जखम भरत आली आणि मग एका सकाळी त्याचा जबडा उघडेना. भाकर चावता येईना म्हणून आम्ही आधी हसलो. नंतर मान ताठ झाली, पाठ कमानीसारखी वर उचलू लागली. वैद्य आला, बघून उठला आणि अंगणात जाऊन बाशी हळू आवाजात बोलला. धनुर्वात. त्या रोगात माणूस शुद्धीवर असतो, हे फार वाईट. आणि त्याला आवाज सोसत नाही. भांडं पडलं, बैलाने मान हलवली, तरी नामदेवचं सगळं अंग ताणून यायचं. आम्ही बैलांच्या घंटा काढल्या. पितळेची भांडी गोठ्यात नेऊन गवतात ठेवली. मळ्यातली खुडणी बंद केली, कारण ती टिचटिच घरापर्यंत ऐकू येई. सगळं घर मुकं झालं. एक आवाज मात्र राहिला. आमच्या कुडाला लागून तारेचा खांब होता, आणि वारा आला की तो गुणगुणायचा. कान बंद केले तरी ऐकू यायचा असा तो आवाज. बा बाहेर गेला. त्याने खांबाला ओली पोती गुंडाळली, बुडाशी चिखल लिंपला, आणि तरी आवाज थांबेना तेव्हा दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून उभा राहिला. मी दारातून बघत होते. माझा बाप खांबाला धरून उभा आहे आणि आत माझा भाऊ ताणतो आहे, हे चित्र म्हातारपणी माझ्या डोळ्यांपुढून जाईल असं वाटलं होतं. ते गेलं नाही. अजून कुठे तारेचा खांब गुणगुणला की मी रस्ता बदलते.

नामदेव गेल्यावर जो तो एकच बोलला. पंचमीला नाग कापला, नागोबाने घेतला. माय तर त्याशिवाय दुसरं बोलतच नव्हती. बाने वारुळापाशी नागाची शांत केली. रहीम मिस्त्रीने चाकू फडक्यात बांधून आणून दिला, त्याच्याबरोबर नामदेवने अर्धवट सोललेला दोराचा तुकडाही होता. म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "बच्चा मेरा जाँबाज था, माँ." मायने तो चाकू दुधाने धुतला, हळदकुंकू लावलं आणि देवळीत ठेवला. दोष दिवसाचा होता. चाकू बिचारा निर्दोष होता.

सासरहून मला न्यायला आले, पण मायची अवस्था बघून त्यांनी दिवाळीपर्यंत राहू दिलं. आमच्या दुःखात मळ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. पावसाचं पाणी चर न काढल्यामुळे वेलांच्या मुळाशी साचलं आणि मळा मुळापासून कुजला. नव्या वेली लावून पान हातात यायला वर्षावर काळ जातो. तोवर खायचं काय? बा एक दिवस उठला, देवळीतला चाकू कमरेला लावला आणि मिस्त्रीकडे जाऊन नामदेवची जागा मागून घेतली.

मायने अडवलं नाही. याचं मला आजही नवल वाटतं. तिने फक्त त्याच्याकडून वचन घेतलं, की पंचमीला, अमावास्येला, नागाच्या कुठल्याही तिथीला दोराला हात लावायचा नाही. बाने ते पाळलं. तिथी बघून कामाला जायचा, आणि बाकीच्या दिवशी तोच चाकू, तोच दोर मांडीवर, तसाच स्वतःकडे ओढायचा. मी त्याला भाकर द्यायला नदीवर जायची तेव्हा ते बघायची. बाचे हात पानमळ्याचे, बोटं जलद पण जोर नसलेली. साल सुटली की चाकू उडायचा, आणि बा तेवढ्यात हात मागे घ्यायचा. टोळीतले लोक त्यावर हसायचे. मला हसू येत नव्हतं. कसली तिथी आणि कसलं काय, चाकूला ती वाचता येत नव्हती.

आणि एका संध्याकाळी बा हात पदरासारख्या धोतराच्या सोग्यात लपवून आला. माय गोठ्यात होती. मी सोगा बाजूला केला. अंगठ्याच्या मुळाशी, नामदेवला लागलं होतं तिथेच, चिरलेलं होतं. वरवरचं होतं, कातडी तेवढी गेली होती, पण जागा तीच होती. "मायले सांगू नोको," बा म्हणाला. मी जखम पाण्याने धुतली, पुन्हा धुतली, चिखलाचा कण राहू देईना. त्या जखमेकडे बघताना मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं, की आज पंचमी नाही.

दुसऱ्या दिवशी बाला हात दुखतो म्हणून मिस्त्रीने घरी थांबायला सांगितलं होतं. तो बाजेवर पडला होता. मी देवळीतून माझी जुनी नखी काढली. गंजली होती. दगडावर घासली, अंगठ्यावर चढवली, नामदेवने अर्धा सोललेला तो तुकडा घेतला आणि ओसरीच्या कडेला बसले. काय करायचं हे काही ठरवलेलं नव्हतं. तो तुकडा म्हणजे नामदेवचं शेवटचं काम, त्यावर त्याच्या चाकूच्या खुणा होत्या, कुठे खोल, कुठे वाकड्या. मग मी पान खुडायच्या सवयीने अंगठा सालीवर दाबला आणि दोर फिरवत गेले. पातं सालीत शिरलं आणि तिथेच थांबलं, कारण त्याहून पुढे शिरायला ते लांबच नव्हतं. तांब्याला लागलं नाही. एक पूर्ण गोल फिरल्यावर अंगठ्याने लांबीत चीर दिली. गरम पाण्यात बुडवून ओढली तशी साल मोज्यासारखी निघून आली. एकदा ती एकदम सुटलीसुद्धा. माझा हात घसरला, पण नखीमागे जोर होता तो फक्त अंगठ्याचा, सगळ्या दंडाचा नव्हता. नखी सालीवरून घसरून माझ्या लुगड्यावर येऊन थांबली.

मान वर केली तर बा बाजेवर उठून बसला होता.

"काय करून राहिली?"

"बा, उद्यापासून तू हे घे. चाकू नोको."

"चाकूले काय झालं? शांत केली ना आपन."

"चाकू लांब हाये बा. साल सुटली का तो अंगात जाते. कोनत्याबी दिवशी जाते. काल कोनती पंचमी होती?"

मी तशीच बोलत राहिले. "नामदेवभाऊ पंचमीनं नाई गेला. चाकूनं गेला."

तेव्हा बाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तो मारेल. त्याने मला कधी मारलं नव्हतं. तो अगदी हळू म्हणाला, "चाकू मी देल्ला होता, गिरजे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगते, नव्हतं आलं. मला बाचा हात वाचवायचा होता, तेवढंच मला दिसत होतं. दिवसाचा दोष मानला की घरात कोणाचाच दोष नव्हता, देवाशी भांडण करून, शांत करून, माणसं जगू शकत होती. चाकूचा दोष मानला की बाजारात जाऊन, निवडून, पातं अंगठ्यावर घासून पाहून तो घेऊन येणारा माणूस समोर उभा राहत होता. बा वेडा नव्हता. त्याला हे माझ्या आधीपासून दिसत होतं, आणि म्हणूनच तो रोज तोच चाकू कमरेला लावत होता. मी मघाशी म्हटलं की मायने अडवलं नाही याचं नवल वाटतं. बाचं नवल मला त्या दुपारनंतर वाटलं नाही.

मी रडायला लागले. "मले तुया हात पायजे बा," एवढंच म्हणता आलं. "मले बाकी काईच नाई पायजे."

गोठ्यातून मायचा आवाज आला, "काय झालं व?" बाने मला खुणेने गप्प केलं. मग माझ्या अंगठ्यावरची नखी काढून घेतली आणि आपल्या अंगठ्यावर चढवून बघितली. ती पहिल्या पेरापुढे जाईना. त्याने ती मुठीत धरली, उठला, पागोटं बांधलं आणि लोहाराकडे गेला. मोठी नखी करून आणली. आपल्या हाताला बेतलेली, पात्याच्या मागे बोट घसरू नये म्हणून जरा उंचवटा ठेवलेली. रहीम मिस्त्रीने ती बघून आधी खांदे उडवले. "ये औरतों का खेल है क्या, मामू?" असं म्हणाला म्हणतात. मग स्वतः दोराचा एक तुकडा सोलून पाहिला, नखी परत दिली आणि आपल्यासाठी एक करून आणायला सांगितली. पुढे टोळीत बऱ्याच जणांच्या अंगठ्यावर नखी आली. काहींनी चाकूच ठेवला, त्यांना कोणी सांगायला गेलं नाही.

चाकू बाने मोर्णेत टाकला का कुठे पुरला, ते त्याने सांगितलं नाही. मायने विचारलं तेव्हा म्हणाला, नामदेवचा होता, त्याच्या वाटेने जाऊ दिला. मायला ते पटलं. मी दिवाळीनंतर बडनेऱ्याला गेले. मळा पुन्हा उभा राहिला तरी बाने तारेचं काम सोडलं नाही. आमच्या सासरच्या अंगणावरूनही तीच तार पुढे अमरावतीकडे जात होती. पंचमी जवळ आली आणि ती वाऱ्यावर गुणगुणली की मी आत जाऊन दार लावून घ्यायची, आणि तरी मनात म्हणायची, वाजते आहे, म्हणजे सांधा धरलेला आहे, म्हणजे बाचा हात शाबूत आहे. तार काही सांध्यामुळे गुणगुणत नाही, वाऱ्यामुळे गुणगुणते, हे नातवाने मला अलीकडे समजावून सांगितलं. सांगू दे.

दरवर्षी पंचमीला मी माहेरी जायची. पूजा झाली, लाह्या-दूध झालं, की माय ओसरीवर बाच्या शेजारी बसायची आणि दरवर्षी एकच विचारायची. "दिवसच खराब होता ना वो?" बा नदीकडे बघत म्हणायचा, "हो. दिवसच खराब होता." नखीच्या कड्याने त्याच्या अंगठ्याला कायमचं वळं पडलं होतं, ते तो बोलताना दुसऱ्या हाताने चोळत असायचा. माझ्याकडे तो बघायचा नाही. त्या दुपारनंतर आम्ही त्या विषयावर एक अक्षरही बोललो नाही. सगळं आयुष्य त्याने ते एकट्याने वाहिलं, आणि मायच्या वाट्याला त्यातलं कणभरही येऊ दिलं नाही.

बा म्हातारा होऊन, अंथरुणात, दोन्ही हात धड घेऊन गेला. आंघोळ घालताना मी त्याचा उजवा अंगठा हातात धरला होता. ते वळं तसंच होतं.

त्यानंतरच्या पंचमीला माय ओसरीवर एकटीच बसली होती. तिला आता कमी दिसायचं. शेजारची जागा तिने हाताने चाचपली, ती रिकामी होती, मग माझ्या आवाजाच्या बाजूला तोंड फिरवलं. "गिरजे, दिवसच खराब होता ना व?"

मी तिच्या पुढ्यात लाह्यांची वाटी सरकवली आणि तिच्याजवळ बसले. "हो माय," मी म्हणाले. "दिवसच खराब होता."